गावाच्या जिवावर मुंबई

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात प्लेग आल्याचं डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी सांगितलं आणि पुढच्या पाच-सहा महिन्यांत मुंबई रिकामी झाली. आठ लाखांवर वस्ती असलेल्या शहरातली निम्म्याच्या आसपास माणसं मिळेल त्या बोटीने, आगगाडीने, नाही तर बोचकं डोक्यावर घेऊन पायी निघून गेली. गिरण्यांत साचे होते, कापूस होता, बॉयलरमध्ये वाफ होती. नव्हता तो माणूस. मग या शहराने आधी कधी न पाहिलेला प्रकार सुरू झाला. गिरण्यांचे लोक नाक्यानाक्यावर उभे राहून मजुरीचे दर पुकारू लागले. एकाने आठ आणे म्हटले की दुसरा दहा आणे म्हणायचा. मागे राहिलेल्या कामगारांनीही वेळ ओळखली आणि रोजची मजुरी रोज हातात पडल्याशिवाय काम करायला साफ नकार दिला. एरवी त्याच गिरण्यांत एका महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या मध्याला मिळे, म्हणजे नव्या माणसाला पहिला पैसा दिसायला दीड महिना लागे.

ही अवस्था फार काळ टिकली नाही. साथ ओसरली, माणसं परतली, लिलाव थांबले. पुन्हा जुनंच चित्र दिसू लागलं, ते म्हणजे फाटकाच्या आत हवीत त्याहून जास्त माणसं फाटकाबाहेर उभी. पण त्या काही महिन्यांत एक गोष्ट उघडी पडली होती. मुंबईच्या कामगाराला जायला दुसरं घर होतं. मालकांना त्याचा त्रास झाला तो प्लेगच्या काळातच. पुढची ऐंशी-नव्वद वर्षं त्यांनी त्याचा फायदा घेतला. मंदी आली, संप झाला, माणूस आजारी पडला, म्हातारा झाला की त्याला पोसायचं काम गावाचं. या शहराचा बेकारी-भत्ता सरकारने दिला नाही, मालकांनी दिला नाही, तो कोकणातल्या आणि घाटावरच्या खेड्यांनी भरला. गिरणगावाचा इतिहास आपण संपांच्या आणि पुढाऱ्यांच्या अंगाने पुष्कळ वाचलेला आहे. या भत्त्याच्या अंगाने तो क्वचितच सांगितला जातो.

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये कंपनी काढली आणि १८५६ मध्ये ताडदेवला पहिली कापड गिरणी चालू झाली. त्याआधी तीनच वर्षं बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली होती. पुढे अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव आला, १८६५ मध्ये तो फुगा फुटला, अनेक शेठ बुडाले, पण गिरण्या वाढतच गेल्या. त्यात काम करायला आली ती मुख्यतः दोन दिशांची माणसं. एक समुद्रमार्गे येणारी रत्नागिरीची, त्यात आजचा सिंधुदुर्गही आला. दुसरी घाट उतरून येणारी सातारा, कोल्हापूर, पुणे, नगरकडची. १८७६ ते ७८ च्या दुष्काळाने घाटावरच्यांना ढकललं. कोकणाला ढकलायला वेगळा दुष्काळ लागत नव्हता. डोंगरउताराची जमीन, भाताचं एकच पीक, आणि त्या पिकावर खोताचा हात. खोत हा सरकारसाठी सारा गोळा करणारा. प्रत्यक्षात तो गावाचा मालकच होऊन बसला होता. पिकातला वाटा तर घ्यायचाच, वर कुळाकडून वेठ करून घ्यायची. १९३७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खोती रद्द करण्याचं विधेयक मुंबईच्या विधिमंडळात मांडलं, जानेवारी १९३८ मध्ये हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत आला, आणि तरीही खोती कायद्याने जायला १९४९ उजाडलं. म्हणजे मुंबईच्या गिरण्यांचा भरभराटीचा सगळा काळ खोतीच्या छत्राखाली गेला. खोताचं देणं रोखीत चुकवायला मुंबईचा पैसा लागे आणि मुंबईत स्वस्तात राबायला खोताच्या गावचा माणूस तयार असे. दोन्ही धन्यांचं उत्तम जमलं होतं.

१९२१ च्या जनगणनेत मुंबईची वस्ती पावणेबारा लाख भरली. त्यातले शंभरातले चौऱ्याऐंशी लोक मुंबईबाहेर जन्मलेले होते. एकट्या रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले दोन लाखांहून जास्त, म्हणजे रस्त्याने जाणाऱ्या पाच माणसांत जवळपास एक. आणि दर हजार पुरुषांमागे बायका सव्वापाचशेच्या आसपास. उरलेल्या बायका कुठे होत्या हे रत्नागिरीच्या आकड्यांत दिसतं. तिथे कित्येक जनगणनांत बायका पुरुषांपेक्षा जास्त भरल्या. अगदी २०११ मध्येसुद्धा त्या जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. लावणी, बेणणी, कापणी, सासू-सासरे, गुरंढोरं, कोर्टकचेरीतला बांधाचा तंटा, हे सगळं ज्यांनी निभावलं त्यांचं नाव गिरणीच्या कुठल्याच हजेरीपटावर नाही. १८८० पासून टपालखात्याने मनीऑर्डर सुरू केली होती. पण नवऱ्याची मनीऑर्डर आली तरच चूल पेटते असं ते घर नव्हतं. ती नाही आली तरी पेटली पाहिजे, अशी त्या घराची रचना होती, आणि मुंबईचं गणित नेमकं तिच्यावर उभं होतं.

गावाहून आलेला माणूस सरळ गिरणीत जात नसे. तो आधी गावच्या खोलीवर जाई. लालबाग, परळ, डिलाईल रोड, काळाचौकी भागात गावागावांनी चाळीतल्या खोल्या भाड्याने घेतलेल्या असत. बैठकीची खोली म्हणत त्यांना, कुठे गाळा, कुठे नुसतं मंडळ. दहा बाय बाराच्या जागेत तीस-चाळीस माणसांच्या वळकट्या. पण सगळे एका वेळी आत नसायचे. पहिल्या पाळीचा उठला की रात्रपाळीचा येऊन त्याच जागेवर आडवा व्हायचा. माळ्यावर पत्र्याच्या ट्रंका, भिंतीला प्रत्येकाची एकेक खुंटी, कोपऱ्यात ग्रामदेवतेची तसबीर. भाडं सगळ्यांत वाटलेलं. नवीन आलेल्याला काम लागेपर्यंत वर्गणी माफ किंवा उधार, हा अनेक मंडळांचा रिवाज. गोव्याच्या ख्रिस्ती खलाशांनी धोबीतलाव-डोंगरी भागात काढलेले कूड याच हिशेबाने चालत. एका गावाचा एक कूड, आणि बोटीवर नोकरी मिळेपर्यंत तिथे पथारी. काम नसलेल्या माणसाला महिनोन्‌महिने जगवायची ही सोय शहराने केलेली नव्हती, गावाने शहरात येऊन केली होती.

जेवायला खाणावळ. ती चालवणारी बहुतेक वेळा गिरणगावातलीच एखादी बाई, कित्येकदा विधवा किंवा नवरा कामावरून सुटलेली. एका खोलीत राहायचं, त्याच खोलीत वीस-पंचवीस पुरुषांचा स्वयंपाक रांधायचा, दोन्ही पाळ्यांचे डबे भरायचे, आणि पगार झाल्यावर पैसे घ्यायचे. पगार झालाच नाही तर? तर थांबायचं. संपाच्या काळात खाणावळवालीची वही हा गिरणगावातला सर्वांत मोठा संपनिधी असे. युनियनच्या इतिहासांत पुढाऱ्यांची चरित्रं आहेत. या वह्या कुणी जपून ठेवल्या असत्या तर किती बरं झालं असतं!

काम देणारा माणूस म्हणजे मुकादम. कागदोपत्री तो जॉबर. कुणाला घ्यायचं, कुणाला काढायचं, कुणाला कुठल्या साच्यावर उभं करायचं हे तोच ठरवी. साहेबाला कामगाराची भाषा येत नसे, आणि येत असती तरी त्याला त्या कटकटीत पडायचं नव्हतं. मुकादम आपल्या गावचे, नात्यातले, जातीतले लोक आणून भरी. वर दस्तुरी घेई. कित्येकदा खोलीही त्याच्याच ओळखीची, उधारीचा वाणीही त्याच्याच ओळखीचा. पठाणाकडून व्याजाने पैसे काढायची वेळ आली तर जामीन तोच.

साच्यावरची, म्हणजे मागावरची नोकरी चांगली, पगार जास्त. पण तिथे अस्पृश्य मानलेल्या जातींच्या माणसाला घेत नसत. धोट्यातली कांडी संपली की नवी भरावी लागे आणि सुताचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावं लागे. एकाच्या तोंडचा धोटा दुसऱ्याच्या तोंडाला. विटाळ आडवा आला तो इथे. म्हणून महार कामगार सूतखात्यात, कमी पगारावर. १९२८ च्या संपात आंबेडकरांनी हा प्रश्न युनियनच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला. गावाने शहरात काय काय आणलं याची यादी करताना बैठकीच्या खोलीबरोबर हेही मांडायला हवं. गाव आधार देत होतं म्हणून ते प्रेमळ होतं, असं कुणी समजू नये.

आता बदली. पहाटे गिरणीचा भोंगा व्हायच्या आधी फाटकापाशी गर्दी जमे. कायम कामगार आत जायचे, आणि बाहेर उरायची ती बदलीवाल्यांची रांग. आज कोण आला नाही, कुणाचा ताप चढला, कोण लग्नाला गावी गेला, यावर यांचा दिवस. मुकादम बाहेर येई, बोट दाखवी. तीन-चार जण आत, बाकीचे दुपारच्या पाळीला पुन्हा येणार. ज्याला बोट दाखवलं तो बहुधा मुकादमाच्या गावचा. गैरहजर असलेला कामगारही पुष्कळदा आपल्याच भावाला, पुतण्याला बदलीवर उभा करून गावी जायचा. एप्रिल-मे मध्ये लग्नसराई आणि शेताची भाजावळ, मग पेरणी. तेव्हा गिरण्यांत गैरहजेरी सर्वाधिक असे. मालक मंडळी या गैरहजेरीबद्दल प्रत्येक चौकशी समितीपुढे रडगाणं गात: हा माणूस आळशी, हा अजून शेतकरीच, याला यंत्राची शिस्त नाही. आणि त्याच वेळी मागणी वाढली की भरायला, घटली की हाकलायला माणसं हवीत म्हणून फाटकाबाहेरची गर्दी तशीच ठेवत. गैरहजेरी ही त्यांची तक्रार होती आणि सोयही. १९३५ मध्ये गिरणीमालक संघाने बदली नियंत्रण योजना आणली. दर महिन्याला ठरावीक लोकांना बदलीची कार्डं द्यायची आणि काम आधी त्यांनाच द्यायचं. मुकादमाची मनमानी थोडी आवळली गेली. फाटकाबाहेरची गर्दी मात्र हटली नाही, तिला फक्त कार्ड मिळालं.

१९२८ चा संप एप्रिलमध्ये सुरू झाला आणि ऑक्टोबरमध्ये मिटला. दीड लाखाच्या आसपास माणसं सहा महिने कामावर नव्हती. एका विणकराकडे दोनऐवजी तीन साचे द्यायचे, म्हणजे माणसं कमी करायची, हे त्यामागचं मोठं कारण. त्या संपातून गिरणी कामगार युनियन उभी राहिली. पण सहा महिने पोट कसं भरलं? महिने बघा. एप्रिल ते ऑक्टोबर म्हणजे भाजावळीपासून भातकापणीपर्यंत. हजारो कामगार बोटीने कोकणात उतरले, शेतात राबले, आणि मुंबईत जे मागे राहिले त्यांच्या वाट्याला खाणावळीची उधारी, भाड्याची थकबाकी अशी तरी सोय राहिली. मालकांना वाटत होतं पोटाला चिमटा बसला की येतील. ते आले नाहीत, कारण त्या वर्षी पोट मुंबईवर अवलंबून नव्हतं. गाव मालकाच्या फायद्याचं होतं हे खरं. क्वचित, शेतीचा हंगाम आणि संप जुळून आले तर, ते कामगाराच्याही हातातलं हत्यार होई.

सरकारने याची रीतसर नोंद घेतली. जॉन हेन्री व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालच्या शाही कामगार आयोगाने १९३१ मध्ये अहवाल दिला. आयोगात ना. म. जोशीही होते. कामगाराचं गावाशी असलेलं नातं तोडायचं की जपायचं, हा प्रश्न आयोगापुढे होता. निष्कर्ष निघाला तो असा की हे नातं एकंदरीत फायद्याचं आहे, ते तोडू नये, नीट वळण लावून टिकवावं. आजारपणात, बाळंतपणात, बेकारीत, म्हातारपणात माणसाला गाव आहे. ऐकायला हे समजूतदार वाटतं. पण त्याच अहवालाने बेकारी-विम्याची देशव्यापी योजना व्यवहार्य नाही म्हणून बाजूला ठेवली, आणि ही दोन मतं शेजारी ठेवली की हिशेब कळतो. गाव आहे ना, मग विमा कशाला! त्या वेळी मंदी ऐन भरात होती. पुढच्या दोन-तीन वर्षांत गिरण्या पटापट बंद पडल्या, करीमभॉय यांचा बडा समूह कोसळला, पगार कापले गेले. १९३१ च्या जनगणनेत मुंबईची वस्ती ११ लाख ६१ हजार भरली, दहा वर्षांपूर्वीपेक्षा थोडी कमीच. मंदीतले बेकार मुंबईत मोजायला सापडले नाहीत, कारण त्यातले बरेचसे मालवण, चिपळूण, पाटण, आजरा इथल्या घरांत भाकरीचा एक तुकडा कमी करून बसले होते. त्यांची बेकारी कुठल्याच तक्त्यात आली नाही. खेड्यात ती शेती म्हणून मोजली गेली.

याच सुमाराला वाटेगावहून एक मातंग कुटुंब पायी मुंबईला निघालं. त्यातला मुलगा पुढे अण्णा भाऊ साठे म्हणून महाराष्ट्राला माहीत झाला. गिरणीत झाडूवाला, कोळसा वाहणारा, मिळेल ते काम. त्याच्या वाट्याला ना गावात जमीन होती ना मुंबईत बैठकीची खोली. गावाचा आधार ज्यांना होता त्यांच्या कथेत ज्यांना नव्हता ते हरवतात; भूमिहीन आणि दलित स्थलांतरित हे मुंबईत बेकार झाले तर मुंबईतच बेकार राहत. चिरागनगरच्या झोपड्या, माटुंगा लेबर कॅम्प ही त्यांची गावं.

स्वातंत्र्यानंतर काही गोष्टी बदलल्या. १९५० मध्ये बदलीवाल्यांची नोंद करून कामं वाटायची सरकारी योजना आली, राज्य विमा आला, प्रॉव्हिडंट फंड आला. शहर १९६१ पर्यंत एक्केचाळीस लाखांवर गेलं. मॅट्रिक झालेली मराठी पोरं नोकरीसाठी फिरू लागली, 'मार्मिक' साप्ताहिकात कारखान्या-कचेऱ्यांतल्या परप्रांतीय नावांच्या याद्या छापून येऊ लागल्या आणि १९६६ मध्ये शिवसेना स्थापन झाली. त्या राजकारणावर खूप लिहिलं गेलं आहे, इथे एवढंच पुरे की त्या पोरांचे बाप बहुतेक गिरणीत होते आणि पोरांना गिरणीत जायचं नव्हतं. ती लालबागला जन्मली, म्युनिसिपल शाळेत शिकली. मे महिन्यात आजोळी जायची, पण नांगर धरता येत नव्हता.

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला तेव्हा सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. पगारवाढ, घरभाडं, रजा, आणि बदलीवाल्यांना कायम करा ही एक जुनी मागणी. महिन्यात दहा-बारा दिवस काम मिळालं तरी नशीब मानणारे बदलीवाले या संपात सर्वांत कडवे निघाले, हे काही आश्चर्य नव्हे. कायद्याने मान्यता फक्त राष्ट्रीय मिल मजदूर संघाला, कामगार सगळे सामंतांकडे, आणि सरकार हटून बसलेलं. पहिल्या काही आठवड्यांत जुनं तेच घडलं. एसटीच्या गाड्या भरभरून माणसं गावी गेली. १९२८ सारखं सहा महिने काढू, असं अनेकांच्या डोक्यात असणारच.

पण या पन्नास-साठ वर्षांत गाव तेच राहिलं नव्हतं. आजोबांची दोन एकर भातजमीन चार भावांत, मग त्यांच्या बारा मुलांत वाटली गेली होती. ज्या भावाने गावी राहून ती कसली त्याला मुंबईकराचा वाटा हा कागदावरचा वाटे. गावी गेलेल्या माणसाबरोबर आता बायको आणि तीन मुलंही होती, आणि त्या मुलांची शाळा परळला. पहिला महिना पाहुणचार झाला. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात चूल वेगळी मांडायचं बोलणं निघालं. काही जण दुसऱ्यांच्या शेतावर मजुरीला गेले, जिथे शेताचा मालक त्यांचाच चुलता असायचा. उरलेले परतले आणि भाजी विकू लागले, वडापावच्या गाड्या लावल्या, वॉचमन झाले. बायका घरकामाला गेल्या, खाणावळी वाढल्या, आणि यावेळी खाणावळीत जेवायला पैसे असलेलं गिऱ्हाईक नव्हतं. मालकांना मात्र घाई नव्हती. त्यांचं कापड भिवंडीच्या यंत्रमागांवर विणून येत होतं. पूर्वी मागणी होती म्हणून माणूस लागत होता, आता माणूस फाटकातून आत न आणताही माल तयार होत होता. ऑक्टोबर १९८३ मध्ये तेरा गिरण्या सरकारने ताब्यात घेतल्या. संप कधी मागे घेतल्याचं जाहीरच झालं नाही. लाखभराहून जास्त माणसं पुन्हा कामावर लागली नाहीत.

१९९१ मध्ये गिरण्यांच्या जमिनी विकासाला मोकळ्या करणारा नियम आला. जमिनीचे तीन वाटे: एक शहराला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ मध्ये त्याच नियमात बदल झाला आणि वाटे फक्त रिकाम्या जमिनीचे मोजायचे ठरले. रिकामी जमीन थोडी, गिरणीच्या इमारतीखालची जास्त. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालकांच्या बाजूने निकाल दिला. तरीही म्हाडाकडे जे काही आलं त्यातून २०१२ मध्ये गिरणी कामगारांच्या घरांची पहिली सोडत निघाली, सात हजारांच्या आत घरं. अर्ज सुमारे दीड लाख. त्यातले कित्येक खेड्यातल्या पत्त्यांवरून आलेले होते.

अर्ज करण्याची अट अशी होती, की कामगार १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर गिरणीच्या पटावर असला पाहिजे. पुराव्याला तिकीट नंबर, लाल पास, हजेरीपत्रक, रजेची नोंद, प्रॉव्हिडंट फंडाचा किंवा राज्य विम्याचा क्रमांक, पगाराची पावती, असले कागद चालत. ज्यांच्याकडे हे कागद होते त्यांनी ते माळ्यावरच्या ट्रंकेतून काढून दिले. बदलीवर वर्षानुवर्षं आत-बाहेर केलेल्या माणसांच्या मुलांना ते जमवताना बंद गिरण्यांच्या कार्यालयांत खेटे घालावे लागले.